सुईला शेवटी हात लावा: नायट्रो ट्रकचं इंजिन रुसलं की काय करायचं

रिमोटवर पळणाऱ्या छोट्या नायट्रो ट्रकच्या छंदातला नवा माणूस लांबूनच ओळखू येतो. ट्रक सुरू झाला नाही की त्याचा हात आधी स्क्रूड्रायव्हरकडे जातो आणि तो सुया, म्हणजे कार्ब्युरेटरमधले इंधन कमी-जास्त करणारे स्क्रू, फिरवायला लागतो. आमच्या सोसायटीतला एक कॉलेजकुमार मागच्या हिवाळ्यात असाच गाडी बगलेत मारून आला. "काका, सुई दोन आटे आत घेतली, मग तीन बाहेर काढली, तरी होत नाहीये." मी टाकीचं झाकण उघडून पाहिलं. तळाला चमचाभर इंधन होतं आणि कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीत नुसती हवा. टाकी भरली, पण आता सुया कुठे होत्या ते त्यालाही आठवेना. दोन मिनिटांचं काम दोन तासांवर गेलं.

म्हणून सगळ्यात आधी एक नियम. इंधन, प्लग, हवेची गळती, थ्रॉटलची दांडी हे सगळं तपासून झाल्याशिवाय कार्ब्युरेटरच्या सुयांना हात लावायचा नाही. काल नीट चालणारी गाडी आज रुसली असेल तर सुया रात्रीतून आपोआप फिरलेल्या नसतात.

हे इंजिन चेतकचं नाही

टू-स्ट्रोक म्हटलं की आपल्या पिढीला बजाज चेतक आठवते. आडवी करायची, किक मारायची, प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. नायट्रो इंजिनही टू-स्ट्रोकच, पण यातलं अर्धं ज्ञान इथे उलटतं.

इथला प्लग ठिणगी टाकत नाही. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेची बारीक गुंडाळी असते. सुरू करताना आपण इग्नायटर लावून ती लाल करतो. पुढे इंधनातल्या मिथेनॉलची प्लॅटिनमशी होणारी क्रिया आणि ज्वलनाची उष्णता तिला तापलेली ठेवते, म्हणून इग्नायटर काढला तरी इंजिन चालू राहतं. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल घालून हे इंजिन चालणार नाही. दर महिन्याला कोणीतरी विचारतंच, म्हणून सांगितलं. दुसरी, या प्लगला पॉलिश पेपर लावायचा नाही. ती तार केसासारखी नाजूक असते. बिघडला प्लग की बदलायचा.

इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असतं. ट्रकसाठी साधारण २० ते ३० टक्के नायट्रोचं मिळतं. तेल इंधनातच असल्यामुळे इंजिनाला इंधन कमी पडलं म्हणजे तेलही कमी पडलं. इंधन जास्त गेलं, म्हणजे इंजिन रिच झालं, तर गाडी धूर ओकते, मंद चालते, चारचौघांत हसं होतं. बाकी काही बिघडत नाही. लीन झालं, म्हणजे इंधन कमी पडलं, तर मात्र मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्या पुढे फिरणारा पिस्टन जवळजवळ कोरडा घासतो. शंका आली तर रिचच्या बाजूला राहा.

बॅगेत काय हवं

चार्ज केलेला इग्नायटर, दोन जादा प्लग, प्लगचा पाना, बारीक स्क्रूड्रायव्हर, इंधनाची नळी हातभर, जुनं फडकं, डोळ्यांना चष्मा. इन्फ्रारेड तापमापक असला तर उत्तम. इग्नायटर सव्वा ते दीड व्होल्टचा असतो. घाईत त्या जागी नऊ किंवा बारा व्होल्टची बॅटरी जोडलीत तर प्लग एका क्षणात गेला.

मिथेनॉलबद्दल थट्टा नको. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्यातलं विष मिथेनॉलच होतं. ते कातडीतूनही शरीरात जातं. नळीत तोंडाने फुंकायचं नाही, तोंडाने ओढायचंही नाही. मोठी सिरिंज वापरा. मिथेनॉलची ज्वाळा उन्हात जवळजवळ दिसत नाही, म्हणून जवळ बिडी-सिगारेट नको. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नका.

आणखी एक सवय लावून घ्या. आधी रिमोट चालू, मग गाडीतला रिसीव्हर. बंद करताना उलट. रिसीव्हरच्या बॅटऱ्या उतरल्या की सर्व्हो, म्हणजे थ्रॉटल हलवणारी छोटी मोटर, जिथे आहे तिथेच अडकतो आणि फुल थ्रॉटलवर गाडी पळून जाते. अशी पळालेली गाडी हाती लागली तर सायलेन्सरच्या टोकावर फडकं दाबायचं किंवा इंधनाची नळी चिमटायची. सायलेन्सरला उघडं बोट लावलंत तर खूण वर्षभर राहते. माझ्या अंगठ्यावर आहे.

सुरूच होत नाही

पहिली पायरी: इंधन पोचतंय का ते पाहा. टाकी भरा. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या टोकावर बोट धरा आणि स्टार्टरची दोरी दोन-तीनदा ओढा. नळीतून इंधन कार्ब्युरेटरकडे सरकताना दिसलं पाहिजे. तिथवर पोचलं की थांबा. यानंतरही बोट धरून ओढत राहिलात तर पुढच्या परिच्छेदातला आजार तुम्ही स्वतःच लावून घेतलात. इंधन हलतच नसेल तर नळीतला फिल्टर काढून बघा, नळी कुठे दुमडलीये का बघा, आणि टाकीच्या दोन नळ्यांची अदलाबदल झाली नाही ना तेही बघा. एक नळी इंधन नेते, दुसरी सायलेन्सरमधला दाब टाकीत आणते.

दुसरी पायरी: दोरी घट्ट झाली असेल, मध्येच टक्क करून अडत असेल, तर जोर लावू नका. इंजिन फ्लड झालंय. पिस्टनच्या वर द्रव इंधन साचलंय आणि द्रव दाबला जात नाही. अशा वेळी हिसका मारलात तर स्टार्टर तुटेल, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकेल. प्लग काढा, गाडी उलटी करा, भोकावर फडकं धरा आणि पाच-सहा वेळा दोरी ओढा. चेहरा लांब ठेवा, पिचकारी उडते. प्लग पुसा आणि त्याखालचा तांब्याचा वॉशर विसरू नका. माझ्याकडून तो एकदा गवतात पडला. अर्धा तास गुडघ्यांवर शोधत होतो आणि येणारे-जाणारे विचारत होते, अंगठी हरवली का.

तिसरी पायरी: प्लग बाहेर आहेच, तर इग्नायटरला लावून पाहा. तार झळझळीत नारिंगी झाली पाहिजे. मळकट लाल दिसली तर आधी इग्नायटर चार्ज करा. तरीही तसंच असेल तर प्लग गेला. नवा घेताना इंजिनाला स्टँडर्ड लागतो की टर्बो ते पाहून घ्या, दोघांची बैठक वेगळी असते. नवशिक्याने मीडियम उष्णतेचा घ्यावा. जुना प्लग फेकण्याआधी उजेडात धरून बघा. तार जागेवर, करडी आणि ओलसर चमकदार असेल तर इंजिन सुखात होतं. ओली काळपट असेल तर इंजिन रिच चाललं होतं. तार वेडीवाकडी, पांढुरकी, तुटकी असेल तर लीन. नव्या माणसाला यापेक्षा खरा साक्षीदार मिळणार नाही.

नवं इंजिन थंडीत दोरीला दाद देत नसेल तर तो बहुधा दोष नसतो. या इंजिनांची स्लीव्ह, म्हणजे पिस्टन जिच्यात वर-खाली होतो ती नळी, वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, म्हणून थंड असताना पिस्टन वर जाऊन चिमटल्यासारखा होतो. हेअर ड्रायरने तीन-चार मिनिटं वरचं हेड गरम करा. पिस्टन वरच अडकून बसला असेल तर प्लग एक आटा सैल करा आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरचं जड चाक, हाताने मागे फिरवा. दोरी नेहमी वीतभर, फार तर फूटभर ओढायची. शेवटपर्यंत ताणली की तुटते.

सुरू होतं, पण इग्नायटर काढला की मरतं

दहापैकी बहुतेक वेळा प्लग. तो चांगला असेल तर आयडलचं, म्हणजे रेस न देता इंजिन चालू ठेवणारं, भोक बघा: एअर फिल्टर काढा, रिमोटवरचा थ्रॉटलचा ट्रिम, म्हणजे बारीक जुळवणीचं बटण, मध्यावर ठेवा. कार्ब्युरेटरच्या तोंडात डोकावल्यावर फट साधारण एक मिलिमीटर दिसली पाहिजे. पूर्ण बंद असेल तर आयडलचा स्क्रू थोडा आत घ्या. उलट गाडी सुरू होताच स्वतःहून चालायला लागली तर फट जास्त आहे, नाहीतर क्लचची स्प्रिंग तुटलीये, किंवा क्लच बेलचं, म्हणजे क्लचवरच्या वाटीचं, बेअरिंग जाम आहे. बेल हाताने फिरवून पाहिली की कळतं.

कुठूनतरी हवा घेतंय

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वात जास्त रविवार इथे वाया जातात.

लक्षणं अशी: आयडलिंग एका जागी राहत नाही, वर-खाली होतं. रेस सोडली की आवाज लगेच खाली येत नाही, दोन-तीन सेकंद वरच लटकतो. सकाळी केलेलं ट्यूनिंग दुपारी टिकत नाही. माणूस सुया फिरवतो, पाच मिनिटं बरं वाटतं, पुन्हा तेच.

माझ्या ट्रकने मला असे तीन रविवार खेळवलं. तीन प्लग झाले. नव्या कार्ब्युरेटरची ऑर्डर द्यायची तेवढी राहिली होती. मग संध्याकाळच्या तिरक्या उन्हात गाडी आयडलवर उभी असताना दिसलं, की इंधनाच्या नळीतून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक चाललेत. नळी जिथे झिप टायने बांधली होती तिथे टायची कड घासून केसाएवढी चीर पडली होती. बोटाने दाबल्याशिवाय दिसतही नव्हती. वीतभर नळी बदलली आणि गाडीने तक्रार बंद केली. टाय अर्थातच मीच आवळला होता.

तपासायचा क्रम असा ठेवा. आधी नळ्या: बुडबुडे, चिरा, निपलवर सैल झालेली टोकं. मग टाकी: गाडीतून काढा, एक निपल बंद करा, दुसऱ्यातून सिरिंजने हवा ढकला आणि टाकी बादलीत बुडवा. झाकणाच्या रबरातून बुडबुडे आले तर रबर बदला. मग इंजिनाचे सांधे: कार्ब्युरेटर जिथे इंजिनात बसतो ती मान, मागची प्लेट, सायलेन्सरचा जोड. यासाठी यंत्र लागत नाही. सांधा गळत असेल तिथे तेल पाझरतं आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट लेप तयार होतो. बाकी इंजिन स्वच्छ आणि कार्ब्युरेटरच्या मानेभोवती काजळ, म्हणजे तिथली ओ-रिंग गेली. मागच्या प्लेटचे स्क्रू आवळताना समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. एकच कचकावून आवळलात तर प्लेट तिरकी बसते.

सायलेन्सरकडून टाकीकडे येणारी दाबाची नळी निसटली तर वेगळंच दिसतं: आयडल ठीक, पण फुल रेसला गाडी किंचाळते आणि तहानेने मेल्यासारखी बंद पडते.

आता सुया

सगळं ठीक निघालं, तरच. आणि इंजिन गरम असताना. थंड इंजिनावर केलेलं ट्यूनिंग हे उपाशीपोटी घेतलेल्या मापाच्या पँटसारखं, जेवण झालं की चुकतं.

सुया कुठे आहेत हेच माहीत नसेल तर गाडीच्या माहितीपत्रकात कारखान्याचं मूळ माप असतं, तिथून सुरुवात करा. सुई आत घेताना शेवटाला लागली की थांबा. आवळलीत तर तिचं टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात. घड्याळाच्या दिशेने फिरवली की लीन, उलट फिरवली की रिच. एका वेळी आट्याचा आठवा हिस्सा, म्हणजे काटा बारावरून दीडवर जाईल इतकंच. एका वेळी एकच सुई. दर वेळी मैदानाची एक-दोन फेरी मारून मगच निर्णय.

आधी हाय-स्पीड सुई. फुल रेसला गाडी जोरात निघावी आणि मागे निळसर पांढऱ्या धुराची बारीक रेघ कायम दिसावी. रेघ नाही म्हणजे लीन: ताबडतोब रेस सोडा आणि सुई उघडा. धुराचे लोट, गुळण्या केल्यासारखा आवाज आणि वेग नाही, म्हणजे रिच.

मग लो-स्पीड सुई. आयडलवर कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी चिमटा आणि मनात मोजा. इंजिनाने आवाज किंचित चढवून दोन ते चार सेकंदांत बंद पडावं. आवाज न चढता लगेच मेलं तर लीन. बराच वेळ चालत राहिलं आणि आवाज खूप चढला तर रिच. दुसरी खूण पिकअपची: दहा सेकंद आयडलवर ठेवून रेस दिली की गाडी गुदमरत, धूर सोडत निघाली तर खाली रिच आहे; खोकलाही न येता गप्पकन मेली तर लीन.

शेवटी आयडलचा स्क्रू. लो-स्पीड सुई बदलली की आयडल बदलतंच, म्हणून तो शेवटी.

तापमापकाचा आकडा प्लगच्या बुडाशी घ्यायचा. साधारण १०० ते १२५ अंश सेल्सियस ठीक. १३५ च्या पुढे गेलं तर गाडी थांबवा. तापमापक नसेल तर हेडवर पाण्याचा एक थेंब टाका. तीन-चार सेकंदांत उकळून आटला तर चांगलं. पडताक्षणी चर्र करून उडाला तर जास्त तापलंय. मात्र नुसत्या आकड्याच्या मागे लागू नका. हिवाळ्यातला आणि मे महिन्यातला आकडा वेगळा असणारच. धूर आणि आवाज आधी, आकडा नंतर.

हवेचंही ऐका. थंड हवा दाट, तिला इंधन जास्त लागतं. पुण्यात जानेवारीच्या भर दुपारी केलेलं ट्यूनिंग दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लीन ठरतं, म्हणून सकाळी सुई थोडी उघडूनच सुरू करा. उंचीचं उलट. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशेच्या. वर हवा विरळ, गाडी रिच वाटते, माणूस सुई आत घेतो. तिथवर बरोबर. खाली उतरल्यावर ती सुई परत बाहेर काढायला मात्र विसरतो आणि इंजिन घालवून बसतो. वर जाताना किती फिरवली ते चिठ्ठीवर लिहून टाकीला चिकटवा.

इंजिनच थकलं असेल तर

थंड असताना लगेच सुरू होतं, गरम झाल्यावर बंद पडलं की काही केल्या होत नाही, अर्ध्या तासाने पुन्हा पहिल्यासारखं. हे ऐकलं की मी सुयांचं नावही काढत नाही. गरम झाल्यावर स्लीव्ह पसरते आणि झिजलेला पिस्टन कॉम्प्रेशन धरत नाही. प्लग बसवलेला ठेवून फ्लायव्हील बोटांनी फिरवा. वरच्या टोकाला काहीच अडत नसेल, मऊ मऊ फिरत असेल, तर पिस्टन-स्लीव्हचा जोड बदलायची वेळ आली. सेकंडहँड ट्रक घेताना ही चाचणी विकणाऱ्यासमोरच करा. बेअरिंग गेलं असेल तर फिरवताना खरखर हाताला लागते.

इतक्या लवकर झिजण्याचं कारण बहुतेक वेळा एअर फिल्टर. फोम कोरडा असेल तर आपली लाल माती सरळ आत जाते आणि पॉलिश पेपरचं काम करते. फिल्टर धुवा, वाळवा, फिल्टर ऑइल लावून हाताने मळा, सगळीकडे सारखा रंग आला की बसवा.

घरी जाण्याआधी

थकून टाकीत इंधन तसंच ठेवून गाडी माळ्यावर टाकली, तर पुढच्या वेळी हा लेख पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावा लागेल. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जूनच्या कोकणात तर उघडा राहिलेला डबा काही दिवसांत बेभरवशाचा होतो आणि इंजिनात उरलेलं इंधन बेअरिंगला गंज चढवतं. टाकी रिकामी करा. इंजिन पुन्हा पुन्हा सुरू करून आतलं इंधन जाळून टाका, अगदी घोटही उरणार नाही इतकं. मग प्लग काढून त्या भोकात आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात आफ्टर-रन तेलाचे चार-पाच थेंब टाका, दोरी काही वेळा ओढा, प्लग परत लावा.

मग पिस्टन खाली आणून ठेवा, नाहीतर तो वर चिमटलेल्या जागी थंड होतो. प्रत्येक वेळी अंदाज नको म्हणून प्लग बाहेर असतानाच एकदा टॉर्चने भोकातून पाहा, पिस्टन तळाशी असेल तेव्हा फ्लायव्हीलवर वरच्या बाजूला पांढऱ्या मार्करने एक ठिपका द्या. पुढे ठिपका वर आला की गाडीचं वरचं झाकण लावायचं.